कायद्यात बसते, न्यायात बसते का?

गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. घरी अचानक पाहुणे आले, म्हणून मोबाईलवरून जेवण मागवले. बाहेर धो धो पाऊस. अर्ध्या तासात यायचे जेवण सव्वा तासाने आले. दारात उभा असलेला मुलगा नखशिखान्त भिजला होता. जेवणाची पिशवी मात्र त्याने रेनकोटाच्या आत छातीशी धरली होती. 'अंकल, रस्त्यात पाणी भरलंय,' एवढेच तो म्हणाला. मी पिशवी घेतली, दार लावले आणि मोबाईलवर त्याला पाचापैकी दोन तारे देऊन मोकळा झालो.

जेवताना मुलीने विचारले, 'डॅडी, हा मुलगा वाटेत पडला असता तर त्याच्या दवाखान्याचा खर्च कोणी दिला असता?'

मी म्हणालो, 'त्याचा आणि कंपनीचा जो काही करार असेल तसे. सगळे कायद्यात बसवूनच चालते, बाळा.'

ती गप्प झाली. माझे उत्तर मलाच बोचत राहिले. कायद्यात बसते हे खरे असेल. पण कायद्यात ते बसवले कोणी? आणि एखादी गोष्ट कायद्यात बसली, म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी सुटली का?

या प्रश्नाचा माग काढत वाचू लागलो आणि थेट अमेरिकेत पोहोचलो. तेथे कामगार आणि ग्राहक यांच्याविषयीचे अनेक कायदे प्रत्येक राज्य स्वतः करते. त्यामुळे धनवान कंपन्या राज्यांच्या कायद्यांवर कसा प्रभाव टाकतात, हे तेथे अगदी उघडपणे दिसते. आणि आश्चर्य म्हणजे या कथेच्या एका पानावर आपलाच एक धर्मगुरू उभा आहे!

ऑरेगनचे फादर ओहारा

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र लिहिले. कामगाराने गरजेपोटी किंवा आणखी वाईट वेळ येईल या भीतीपोटी अपुऱ्या मजुरीला होकार दिला, तर तो होकार खरा नव्हे, तो जबरदस्तीचा बळी आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. करारापेक्षाही जुना असा एक नैसर्गिक न्याय आहे, हा त्या शिकवणुकीचा गाभा. अमेरिकेतील फादर जॉन रायन यांनी त्या आधारे १९०६ साली जीवनवेतनावर एक ग्रंथ लिहिला. माणसासारखे जगता येईल इतकी मजुरी हा कामगाराचा हक्क आहे, ती मालकाची मेहेरबानी नाही, असे त्यांनी मांडले.

सेमिनरीत याच फादर रायन यांच्या हाताखाली शिकलेले एडविन ओहारा नावाचे तरुण धर्मगुरू ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात सेवा करीत होते. तेथील ग्राहक संघाने कामगार स्त्रियांच्या पगाराची पाहणी करायचे ठरवले आणि पाहणी समितीचे अध्यक्षपद फादरांकडे आले. 'ग्राहक संघ' हे शब्द ध्यानात ठेवा. आपण जी वस्तू विकत घेतो ती कोणाच्या घामातून आली, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य आहे, असे मानणाऱ्या लोकांची ती संघटना होती.

पाहणीचे काम कॅरोलिन ग्लिसन या तरुणीने केले. ती नुसते कागद घेऊन फिरली नाही. कागदी खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तिने स्वतः काम करून पाहिले. कितीतरी मुलींच्या पगारात राहण्याजेवण्याचा खर्चही भागत नव्हता. ही पाहणी पुढे ठेवल्यावर १९१३ साली ऑरेगनने किमान वेतनाचा कायदा केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी आयोग नेमला. आयोगाचे प्रमुख होते फादर ओहारा. पोर्टलंडमधील कारखान्यांत स्त्रियांना दिवसाला ९ आणि आठवड्याला ५४ तासांपेक्षा अधिक राबवू नये, आणि अनुभवी कामगार स्त्रीला आठवड्याला ८ डॉलर ६४ सेंटपेक्षा कमी पगार देऊ नये, असा आदेश निघाला.

लगेच खोक्यांच्या एका कारखान्याचे मालक फ्रँक स्टेटलर न्यायालयात गेले. त्यांच्या कारखान्यातील एलमिरा सिम्प्सन या कामगार स्त्रीच्या नावानेही दावा दाखल झाला. त्या दाव्याचे म्हणणे असे की, कमी पगारावर काम करण्याचे तिचे स्वातंत्र्य हा कायदा हिरावून घेत आहे! म्हणजे कामगाराला कमी पगार मिळावा, ही मागणी कामगाराच्याच स्वातंत्र्याच्या नावाने केली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९१७ साली तेथे चार विरुद्ध चार अशी समान मते पडली आणि म्हणून ऑरेगनचा कायदा कसाबसा तगला. १९२३ मध्ये राजधानी वॉशिंग्टनचा तसाच कायदा त्याच न्यायालयाने करारस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला. एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईच्या दाव्यात १९३७ साली न्यायालयाने आपले मत बदलले, तेव्हा कोठे किमान वेतन पक्क्या पायावर उभे राहिले. फादर ओहारा पुढे बिशप झाले. कॅरोलिन ग्लिसन धर्मभगिनी झाल्या. सिस्टर मिरियम तेरेसा या नावाने त्यांनी उर्वरित आयुष्य घालवले.

मालक न्यायालयाकडून विधिमंडळाकडे

त्या काळी कायदा आवडला नाही, तर मालक न्यायालयात जाई. आज आणखी एक वाट रुळली आहे: कायद्याचा मसुदाच आपल्या सोयीचा तयार करायचा.

अमेरिकेत १९७३ साली 'अलेक' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी एक संस्था स्थापन झाली. तिचे सदस्य दोन प्रकारचे: निरनिराळ्या राज्यांचे आमदार आणि मोठमोठ्या कंपन्या. आमदारांची वर्गणी नाममात्र, कंपन्यांची हजारो डॉलर. दोघे एका टेबलाभोवती बसतात, नमुना कायदे मंजूर करतात आणि आमदार ते आपापल्या राज्यात नेऊन मांडतात. शहरांनी आपल्या हद्दीत किमान वेतन वाढवू नये, असा नमुना कायदाही त्यांत आहे. हे सारे कायदेशीर आहे, त्यात लपवाछपवीचा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच की, त्या टेबलाभोवती खोक्यांच्या कारखान्यातील मुलीला खुर्ची असते का?

फ्लोरिडा राज्यात २०२४ साली काय घडले ते पाहा. तेथील उन्हाळा आपल्यासारखाच घामाघूम करणारा. मायामी भागातील स्थानिक शासनासमोर एक प्रस्ताव आला होता: शेतात आणि बांधकामावर उन्हात काम करणाऱ्यांना कडक उष्म्याच्या दिवशी पिण्याचे पाणी, सावली आणि दर दोन तासांनी दहा मिनिटांची विश्रांती मिळावी. पाणी, सावली आणि दहा मिनिटे! यापेक्षा कमी ते काय मागायचे? तो नियम होण्यापूर्वीच राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की, कोणत्याही शहराने वा जिल्ह्याने उष्म्यापासून संरक्षणाचे असे नियम करू नयेत. राज्यातील व्यापारी संघटनेचा त्या कायद्याला पाठिंबा होता. जागोजागी वेगवेगळे नियम झाले तर धंदा करणे अवघड होते, हे त्यांचे कारण. कारण अगदीच खोटे नाही. पण मग राज्याने सगळीकडे सारखाच एक नियम करून पाणी आणि सावली द्यायला हवी होती ना? ते झाले नाही. आपल्याकडे शेतकरी म्हणतात, कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करायची?

स्वातंत्र्याची दुसरी कहाणी

आता माझ्या दारात आलेल्या त्या मुलाकडे पुन्हा वळू या. त्याच्यासारख्यांचा प्रश्न कॅलिफोर्निया राज्यात ऐरणीवर आला. तेथील विधिमंडळाने २०१९ साली कायदा केला की, काम करणारा माणूस कंपनीचा कामगारच समजला जाईल; तो स्वतंत्र कंत्राटदार आहे असे कंपनीला म्हणायचे असेल तर ते तिने सिद्ध करावे. कामगार ठरला की किमान वेतन आले, आजारपणाची रजा आली, जखमी झाल्यास भरपाई आली.

मोबाईलवरून गाड्या आणि जेवण पुरवणाऱ्या कंपन्यांना हे नको होते. त्या राज्यात पुरेशा सह्या गोळा केल्या, तर एखादा कायदा थेट मतदारांपुढे ठेवता येतो. उबर, लिफ्ट, डोरडॅश आदी कंपन्यांनी 'प्रस्ताव क्रमांक २२' मांडला: आमचे चालक स्वतंत्र कंत्राटदारच राहतील. प्रचारावर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, विरोधकांच्या सुमारे दहापट. तोवर त्या राज्यात एकाही प्रस्तावावर इतका पैसा ओतला गेला नव्हता. गाडी बोलवायला मोबाईल उघडावा, तर त्यावरही प्रचार. नोव्हेंबर २०२० मध्ये सुमारे ५८ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. त्यात आणखी एक मेख होती. हा कायदा विधिमंडळाला बदलायचा असेल तर दोन्ही सभागृहांत आठांपैकी सात सदस्यांचा पाठिंबा लागेल! जुलै २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा कायम ठेवला.

न्यायाने बोलायचे तर प्रस्तावात चालकांना काही मिळालेही: ठरावीक कमाईची हमी, काहींना आरोग्य विम्यासाठी मदत. पण कमाईची हमी फक्त काम हातात घेतल्यापासून ते पुरे होईपर्यंतच्या वेळेची. पुढच्या कामाची वाट पाहत रस्त्याच्या कडेला थांबलेल्या वेळेची नाही.

हे वाचताना मला मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवला. आपल्या नाक्यावर सकाळी मजूर उभे असतात, तसेच ते लोक चौकात उभे होते. संध्याकाळी मळ्याचा धनी त्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? आम्हाला कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. तासभरच काम केलेल्या त्या माणसांना धनी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. आपण हा दाखला देवाच्या कृपेविषयी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रभूने उदाहरण निवडले ते वाट पाहणाऱ्या मजुराचे. त्याच्या थांबण्यालाही घरी जेवणाऱ्या तोंडांचा हिशेब असतो, हे धन्याने ओळखले. प्रस्ताव २२ ने ते ओळखले नाही.

दोन प्रामाणिक शंका

येथे कोणी म्हणेल, 'अहो, हा कायदा कंपनीने लादला नाही, लोकांनीच मत दिले. लोकशाहीत आणखी काय हवे?' शंका रास्त आहे. पण त्या मतदारांत चालक मूठभर आणि ग्राहक असंख्य होते. चालकांना कामगार ठरवले तर भाडे वाढेल, गाडी उशिरा येईल, असे ग्राहकांना सांगितले गेले. म्हणजे मत मागताना मतदाराला नागरिक म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून हाक मारली गेली. आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात काही कंपन्यांनी चालकांच्या लाभांसाठी म्हणून ग्राहकांच्या बिलावर नवे शुल्क चढवलेच. शंभर वर्षांपूर्वी ऑरेगनमध्ये ग्राहक आणि कामगार एकत्र आले, तेव्हा न्यायाचा कायदा झाला. कॅलिफोर्नियात ग्राहकाला कामगारासमोर उभे केले गेले. मला यातील सर्वात दुःखाची गोष्ट हीच वाटते.

दुसरी शंका: 'अनेक चालकांनाच हे स्वातंत्र्य हवे होते. सोयीच्या वेळी काम, सोयीच्या वेळी सुट्टी.' हेही खरे आहे. मुलांना शाळेत सोडून दोन तास गाडी चालवणाऱ्या आईला ती सवड लाखमोलाची वाटते, तिचे ऐकलेच पाहिजे. पण सवड हवी असेल तर विमा सोडावा लागेल, ही अट देवाने घातलेली नाही. ती माणसांनी लिहिली आहे, आणि माणसे ती बदलू शकतात. तसे थोडे घडलेही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात प्रवासी गाड्या चालवणाऱ्यांना संघटना करून कंपनीशी बोलणी करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. ते अजूनही कंत्राटदारच आहेत, पण निदान टेबलाशी एक खुर्ची मिळाली.

लेखणी कोणाच्या हातात?

कंपनीने सरकारकडे आपले म्हणणे मांडणे हे पाप नाही. तिच्याही पदरी माणसे असतात. नियम अडाणीपणाने केले तर कारखाने बंद पडतात आणि चुली विझतात. पण फिर्याद मांडणे वेगळे आणि निवाडा लिहिणे वेगळे. खटल्यातील एका पक्षाच्याच हाती न्यायाधीशाची लेखणी दिली, तर निकाल कितीही सुवाच्य अक्षरात असला तरी तो न्याय नव्हे. 'बळी तो कान पिळी' हा जंगलाचा नियम. माणसाने कायदा केला तो हा नियम मोडण्यासाठी. त्यालाच कायद्याचे रूप दिले, तर दुबळ्याने कोठे जावे?

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील दहाव्या अध्यायाची सुरुवात अवश्य वाचा. तेथे संदेष्टा कायदा मोडणाऱ्यांवर नव्हे, तर अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांवर कोसळला आहे. गरिबाचा हक्क लेखणीनेही लुबाडता येतो, हे त्याने केव्हाच ओळखले होते. संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी पोहोचतो. ती मजुरी त्या काळच्या कायद्यात बसत होती की नाही, हे याकोब विचारत नाही.

म्हणून 'मी कायद्याप्रमाणे वागलो' हे उत्तर चोरापासून वेगळे ठरायला पुरते. पण ज्याने तो कायदा स्वतःसाठी करून घेतला, त्याला ते पुरत नाही. आणि त्या कायद्याचा फायदा आयता ज्याच्या घरी येतो, त्या माझ्यासारख्यालाही ते पूर्ण पुरत नाही.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून पान उलटू नका. आपल्याकडेही पैसा आणि कायदा यांचे नाते न्यायालयापर्यंत गेले आहे. राजकीय पक्षांना गुप्तपणे देणग्या देण्याची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. कंपन्यांनी पक्षांना किती देणगी द्यावी यावरील मर्यादा उठवणारी दुरुस्तीही न्यायालयाने रद्द केली. कोण कोणाला पैसे देतो हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, हे त्या निकालाचे सार.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. गुंतवणूक आणि रोजगार वाढावा, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असेही सांगितले गेले. हेतूवर मी शंका घेत नाही. पण 'संमती' हा शब्द वाचला की मला एलमिरा सिम्प्सन आठवते. ज्याला नाही म्हटल्यावर उद्या कामावर बोलावणार नाहीत, त्याची सही किती मोकळ्या हाताने होते? आपल्या धर्मग्रामात कारखान्यात जाणारे भाऊबंद आहेत आणि कारखाना चालवणारेही आहेत. दोघांनी मिस्सानंतर आवारात उभे राहून या प्रश्नावर बोलावे, असे मला मनापासून वाटते.

ग्राहक म्हणून आपण अगदीच दुबळे नाही. अमेरिकेत २०१२ साली 'अलेक'विरुद्ध लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कोका-कोलासह अनेक मोठ्या कंपन्यांनी त्या संस्थेचे सदस्यत्व सोडले. गिऱ्हाईक नाराज होणे कंपनीला परवडत नाही! तेव्हा उमेदवार मत मागायला दारी येईल, तेव्हा रस्ता आणि गटार यांबरोबर घरपोच सेवा देणाऱ्या मुलांच्या विम्याचेही विचारावे. आणि बाहेरच्यांना विचारण्याआधी घरात पाहावे. आपल्या फेस्ताचा मांडव घालणारे मजूर, चर्चला रंग देणारे, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका: त्यांच्याशी आपला व्यवहार कोणत्या कायद्याने चालतो? बहुधा आपणच लिहिलेल्या. तेथे लेखणी आपल्याच हातात आहे.

मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या आपल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा त्याचे कारणही सांगितले: लिओ तेराव्यांनी पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या वेळी कामगारांचा प्रश्न हाती घेतला, आज नव्या तंत्रज्ञानामुळे तो पुन्हा समोर उभा आहे. नवे पोप त्याच अमेरिकेत जन्मले, जेथे फादर ओहारा यांनी एका खोक्याच्या कारखान्यापासून सुरुवात केली होती.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी मोबाईल पुन्हा उघडला. दिलेले दोन तारे बदलता येतात का ते पाहिले. वेळ टळून गेली होती. त्या दोन ताऱ्यांमुळे त्या मुलाचे किती नुकसान झाले, मला माहीत नाही. त्याने कोणाकडे दाद मागावी, हेही मला सांगता आले नसते. मी दिलेला निवाडा पूर्णपणे नियमात बसत होता.